मंगळाचं पोवळं

दादा,

गेल्या आठवड्यात पेपरात तुझ्यावर चार ओळी छापून आल्या. त्यात तुला 'भंडाऱ्यातील जुने सराफ' म्हटलंय. तू वाचलं असतंस तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतास, "सराफ कायचा? आपण खडे बसवणारे." खरंच आहे ते. सोनं तू कधी विकलं नाहीस. सोन्यावर सरकारी बंधनं आली, गावातल्या कितीतरी सोनारांच्या भट्ट्या थंड झाल्या, तेव्हा तू कोवळ्या वयात कोंदणाचं काम शिकलास. दुसऱ्यानं घडवलेला दागिना तुझ्याकडे यायचा आणि त्याच्या रिकाम्या घरात तू खडा बसवायचास. खड्याखाली चमकता वर्ख ठेवायचास, कडेचं सोनं बोथट सळईनं दाबत दाबत खड्यावर आणायचास. तेव्हा श्वाससुद्धा हळू घ्यायचास. मी समोर असले तर म्हणायचास, "विमे, जरा चूप बस. आता हात हालला तर हा फुटते."

पेपरातलं बाकीचं मी इथे लिहीत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. शेवटची बारा वर्षं एका घरात राहून जे बोलले नाही, ते.

बाबा गेले तेव्हा मी अकराची होते, तू एकोणीसचा. आई आधीच गेली होती. मला मावशीकडे ठेवायचं सगळ्या नातेवाइकांनी ठरवलं होतं. तू उंबऱ्यात उभा राहून एवढंच म्हणालास, "ती इथंच राहीन." तुला माझी वेणी घालता यायची नाही. रोज सकाळी कंगवा आणि रिबीन हातात देऊन मला शेजारच्या गंगाबाईंकडे पाठवायचास. त्यांचं भांड्यांचं दुकान. पितळी गुंड-घागरींच्या राशीत बसून त्या माझी वेणी घालायच्या आणि तू आपल्या दारातून बघायचास, वाकडी तर नाही ना झाली.

शाळेतून आले की तू मला समोर बसवायचास. ताटलीत पांढरं फडकं, फडक्यावर खडे. "डोळे मिट. गालाले लाव. थंड लागते का?" काच गालाला लगेच कोमट होते, खरा खडा बराच वेळ थंड राहतो, हे मला पाढ्यांसारखं पाठ झालं. मग तू एकेकाची गोष्ट सांगायचास. माणिक सूर्याचं, रक्ताचं आणि काळजाचं औषध. मोती चंद्राचा, डोकं शांत करतो. पाचू बुधाचा, बघत बसलं तरी डोळ्यांचा शीण जातो, म्हणून जुने कारागीर दुपारी पाचूकडे बघत बसायचे. नीलम शनीचा, तो कुणालाही लगेच द्यायचा नाही. आधी उशाखाली ठेवून बघायचा, वाईट स्वप्नं पडली तर आणून परत करायचा. पिरोजा इराणातून यायचा, मालकावर संकट आलं की तो म्हणे स्वतःच तडकतो. आणि हिरव्या दगडाची ती छोटी पाटी, हौलदिली. मूल दचकायला लागलं की ती त्याच्या छातीवर बांधत. "हवालदिल म्हणतेत नं, ते याच्यातूनच आलं," असं तू सांगायचास, आणि हा शब्द पुस्तकात आला की मला तुझी ताटली दिसायची. हिरा आपल्या झाडीपट्टीतलाच, वैरागडचा, हे सांगताना तर तुझी मान ताठ व्हायची. जणू तुझ्याच शेतात सापडला होता.

मला सगळं खरं वाटायचं. मॅट्रिकला गेल्यावर मी भांडायला लागले.

"मोती चंद्राचा कसा? तो तर शिंपल्यातला."

"शिंपला समुद्रातला. समुद्राले चंद्राची भरती येते. झालं का नाही?"

"अन् आपल्या वैनगंगेतले शिंपले? त्यायले कुठची भरती?"

तू खो खो हसलास. "मास्तरीण होईन ही," म्हणालास. किती वर्षांनी ते खरं झालं, आणि कशामुळे झालं, ते आपल्या दोघांनाच माहीत.

माझ्या पत्रिकेत मंगळ होता. आठव्या घरात. पहिलं स्थळ पत्रिका पाहून गेलं, दुसरंही गेलं. तिसरं स्थळ तुमसरकडचं. मुलगा नाकाडोंगरीजवळच्या एका मॅंगनीजच्या खाणीत हजेरी लिहायचा. शशिकांत. आई आणि तो, दोघंच. बघायला आले तेव्हा त्यांनी माझ्याशी ताटलीतल्या खड्यांबद्दल गप्पा मारल्या आणि मला ते आवडले, हे तू दारातून पाहिलंस. त्यांच्याकडे जी पत्रिका गेली, तिच्यात माझ्या जन्माची वेळ वीस मिनिटं आधीची होती. तेवढ्यानं पत्रिकेतलं लग्न, म्हणजे उगवती रास, बदललं आणि मंगळ आठव्या घरातून उठून नवव्यात जाऊन बसला.

मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच आठवतं, एका मंगळवारी सकाळी तू मला आंघोळ करून यायला सांगितलंस आणि माझ्या बोटात पोवळ्याची अंगठी घातलीस. टपोरं, गडद केशरी पोवळं, कुठेही खड्डा नाही, पांढरा डाग नाही. तसा दाणा मिळवायला तू नागपूरला तीन चकरा मारल्या होत्यास.

"हे काढाचं नाही," म्हणालास. "मंगळाले हे शांत ठेवते. याच्याइतका पक्का उपाय नाही."

तू फसवायला निघाला नव्हतास, दादा. हे मी नंतर समजून घेतलं. कागदावर तू वेळ बदललीस, पण मंगळ बोटात बांधून दिलास. तुझ्या हिशेबानं दोष उरलाच नव्हता. ज्या विश्वासानं तू खड्यावर सोनं दाबायचास, त्याच विश्वासानं तू माझं लग्न लावलंस.

ते दीड वर्ष मला आजही कुणाला सांगता येत नाही. खाणीच्या वसाहतीत दोन खोल्या, दारापुढे सागाची झाडं, वाळत घातलेल्या लुगड्यावर काळी धूळ. तू महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायचास. शशिकांतराव खाणीच्या कचऱ्यातून लाल खडे वेचून ठेवायचे, तुझ्यासाठी. चहा होईपर्यंत तुम्ही दोघं अंगणात उकिडवे बसून ते पाण्यात धुवायचात.

"हा तामडा," तू त्यांना सांगायचास. "माणिक घेणं होत नाही त्याले हा. रक्ताले चांगला म्हणतेत."

"मंग तर आमच्या खाणीत कोणालेच दवाखाना लागाले नको," हे म्हणायचे. "रोज टोपल्यानं फेकतो आम्ही."

आणि तुम्ही दोघंही हसायचात. त्यातला एकच दाणा धड निघाला, त्याची तू मला नाकातली चमकी करून दिलीस. मला वाटतं, तुला शशिकांतराव धाकट्या भावासारखे झाले होते. तुझ्या दुःखात हेही होतं, आणि मी तेव्हा फक्त माझं मोजत होते.

उन्हाळा होता. त्यांचे डोळे आधी पिवळे झाले, मग नखं. सासूबाईंनी गावाकडून काविळीची माळ आणवली. ती डोक्यावर ठेवतात. जसजशी लांब होत गळ्यातून खाली येते, तशी कावीळ उतरते म्हणतात. चौथ्या दिवशी माझा निरोप मिळून तू आलास. अंथरुणाजवळ बसलास, त्यांची पापणी बोटानं खाली ओढून पाहिलीस आणि सासूबाईंना म्हणालास, "आई, माळ राहू द्या. पण आजच नागपूरले नेऊ यायले."

"माळ पोटापावतर आल्याबिगर हालवाचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "जास्त हालवलं तर उलटते."

तू स्वयंपाकघरात आलास. "विमे, तू सांग त्यायले."

"मी कशी सांगू? तू मोठा आहेस, तूच सांग."

तू चुलीकडे बघत उभा राहिलास. मग माझ्या हाताकडे, त्या अंगठीकडे पाहिलंस. आणि बाहेर जाऊन पाटावर बसलास. तू दुसऱ्यांदा बोलला नाहीस. मी एकदाही बोलले नाही. सातव्या दिवशी ते बरळायला लागले, तेव्हा जीप मिळवून आपण नागपूरला नेलं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. तिसऱ्या दिवशी गेले. सत्तावीस वर्षांचे होते.

तेराव्याला पानं उचलली, पाहुणे हात पुसत होते आणि सासूबाईंची नजर माझ्या बोटावर गेली. बांगड्या उतरवल्या होत्या, अंगठी तशीच होती.

"पोरीले मंगळ नोता नं?" त्या तुला म्हणाल्या. "मंग पोवळं काहून घातलं?"

तू 'हौस म्हणून' म्हणू शकला असतास. 'माझा धंदाच तो' म्हणू शकला असतास. मी तुझ्याकडे पाहत होते, की काहीही बोल, फक्त ते नको. तू उभा राहिलास, हात जोडलेस आणि म्हणालास, "मंगळ होता. जन्माची वेळ मी बदलली. विमलले माहीत नाही. तिचा काही दोष नाही."

शेवटची दोन वाक्यं कुणी ऐकलीच नाहीत. सासूबाई माझ्याकडे बोट करून ओरडल्या, "हिनं खाल्लं माह्या लेकाले!" कुणीतरी माझी ट्रंक अंगणात आणून ठेवली. दुपारची तुमसरची गाडी, तिथून भंडाऱ्याची.

त्या गाडीत काय झालं, ते आता लिहिते. जागा असूनही तू माझी ट्रंक मांडीवर घेऊन बसला होतास, पायाखाली ठेवली नाहीस. वरठीच्या अलीकडे मी अंगठी ओढून काढली आणि खिडकीतून फेकली. तू वळूनही पाहिलं नाहीस. आणि मी म्हणाले, भरल्या गाडीत, पुढच्या बायांनी मान वळवून पाहिलं इतक्या मोठ्यानं म्हणाले, "तू मारलं त्यायले. तू अन् तुह्या दगडानं. खोटं बोलून लग्न लावलं, अन् खोटं बोलाची वेळ आली तवा खरं बोलला. दोन्ही बाजूनं मलेच मारलं."

ट्रंकेच्या कडीवर तुझी बोटं होती, ती तशीच राहिली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तू दुकान उघडलंस. पण ग्रहाचा खडा त्या दिवसापासून कुणाला दिला नाहीस. कुणी दागिना आणला तर त्यात खडा बसवून द्यायचास. कुणी विचारलं, "दादा, साडेसाती लागली, काय घालू?" तर म्हणायचास, "मले त्यातलं समजत नाही." अख्खा बाजार हसला असेल. ज्याला त्यातलं सगळ्यात जास्त समजत होतं, तो म्हणतो समजत नाही. मला बरं वाटायचं, दादा. मला वाटायचं, शिक्षा होऊन राहिली याला. हेही लिहायलाच हवं.

मला तू अध्यापिका विद्यालयात घातलंस. मी नको म्हणाले तर फॉर्म स्वतः भरून आणलास, सही तेवढी माझी. शाळेत लागले तेव्हा पहिल्या दिवशी सायकलवरून सोडायला आलास आणि फाटकाबाहेर बराच वेळ उभा राहिलास. तुझ्या स्वतःच्या लग्नाचं मात्र कुणी बोललं नाही. पत्रिका बदलणारा माणूस आणि घरात परत आलेली बहीण. तुला कोण मुलगी देणार? तूही कधी काढलं नाहीस. संध्याकाळी आपण समोरासमोर जेवायला बसायचो. भात, लाखोळीची डाळ, कधी अंबाडीची भाजी. "मीठ झालं का?" "झालं." एवढ्यावर कित्येक संध्याकाळी गेल्या.

मग दिघोरीचे ते दोघं आले. मला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी सगळं पाहिलं. सीताराम नावाचा शेतकरी, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्याखाली थोडी धानाची जमीन, आणि त्याची बायको सुमित्रा. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या अंगातलं रक्त गेलं होतं. ओठ खडूसारखे पांढरे, पायावर सूज. दोन पायऱ्या चढून आली आणि तुझ्या दारातच बसली.

"कोनी सांगतलं, लाल खडा घातला का रगत वाढते," सीताराम म्हणाला. "माणिक नाही होनार आमच्यानं. दुसरा कोनताबी द्या, पन लाल द्या."

तुझ्या पेटीत तामडे होते. मला माहीत होतं, कारण कुणी वेचलेले होते तेही मला माहीत होतं. तू पेटीकडे पाहिलंस. मग उठलास, पायात चपला घातल्यास आणि दुकानाचं दार ओढून घेतलंस.

"चला," म्हणालास.

"कुठी जी?"

"दवाखान्यात. मी संग येतो."

"आमी खड्यासाठी आलो होतो, दादा..."

"खडा नाही मिळत इथं," तू म्हणालास. तुझा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "मी एकदा चूप बसलो होतो. आता नाही बसत. चला म्हणलं नं!"

ऑटोत तिला तूच धरून बसवलंस. संध्याकाळी घरी आलास तेव्हा शर्टाची बाही वर दुमडलेली आणि दंडाला कापूस चिकटवलेला. तिला रक्त लागणार होतं. नवरा घाबरला, तू दिलंस. मला सांगितलं नाहीस. गूळ मागितलास, तेव्हा मी कापूस पाहिला आणि विचारलं. तू म्हणालास, "जमलं तिचं अन् माहं. नशीब."

त्यानंतर तुला तेच काम लागलं. कुणी पाचू मागायला आलं, तू त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जायचास. पोर दचकते म्हणून कुणी हौलदिली विचारली, तू त्या पोराला कडेवर घेऊन निघायचास. अर्ध्या दिवसाचं दुकान बंद. सरकारी दवाखान्याच्या बाकावर तू इतका बसायचास, की तिथल्या नर्सबाई तुला नावानं ओळखायच्या. लोक म्हणायचे, सोनाराचं डोकं फिरलं. गंगाबाईनं मला एकदा विचारलंसुद्धा, "कायले करते व हा असं?" मी खांदे उडवले.

मला कळत होतं, दादा. कायले करतोस ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

आणि एकदा तू संधी दिली होतीस. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. मी दारात पोरांच्या वह्या तपासत बसले होते, तू आत नथीत मोती बसवत होतास. मला अचानक राग आला. तुझ्या पाठीचा राग आला, ती इतकी वाकली होती.

"दादा," मी म्हणाले, "तू जन्मभर असा गुन्हेगारासारखा काहून राहतो? कोणी काही म्हणते का तुले?"

तू सळई खाली ठेवलीस. पण वळला नाहीस.

"तूच म्हणली होतीस नं, गाडीत."

"काय म्हणली होती?"

"मी मारलं त्यायले म्हणून."

माझा हात वहीवर थांबला. लाल पेनाचा ठिपका पसरत गेला. आणि मी म्हणाले, "मले तर काही आठवत नाही बाप्पा. त्या दिवशी मी भानावर तरी होती का?"

तू नथ फडक्यावर ठेवलीस. मग म्हणालास, "मले आठवते. अन् तू चूक नोती. त्या दिवशी मी तुह्या सासूशी भांडलो असतो, विमे. पण मनात चोर होता. वाटलं, जास्त बोललो अन् पत्रिका निघाली तर? अन् वाटलं, पोवळं आहे हिच्या बोटात, काही होत नाही. दगडाच्या भरवशावर बसलो मी."

त्या वेळी मी उठून तुझ्याजवळ यायला हवं होतं. दोनच पावलं होती. मी वह्या गोळा केल्या आणि म्हणाले, "चहा ठेवू का?"

तू म्हणालास, "ठेव."

तो विषय तिथेच राहिला. नंतर तू काढला नाहीस, मी काढला नाही. आपण पुन्हा बोलू लागलो होतो, तेवढ्याचं मला समाधान होतं. तू पुन्हा खड्यांच्या गोष्टी सांगायला लागला होतास, ग्रहांच्या नाही, खड्यांच्या. मी चौथीच्या मुलांना घेऊन दुकानात आले, तेव्हा तू त्यांना वैरागडच्या हिऱ्यांचं सांगितलंस, खंबायतच्या अकीकाचं सांगितलंस. एका मुलीनं पोवळं उचलून विचारलं, "हे कायचा आजार बरा करते?" मी श्वास धरून उभी. तू म्हणालास, "बेटा, हे समुद्रातल्या एका जिवाचं घर आहे. लहान लहान जीव एकावर एक बांधतेत. पाहा किती मेहनतीनं बांधलं." आणि ते तिच्या तळहातावर तसंच राहू दिलंस. तेवढ्यासाठी मी तुझी किती ऋणी होते, तेही बोलले नाही.

त्या गुरुवारी दुपारी मी शाळेत होते. तिसरा तास चालू होता. गंगाबाईंचा मुलगा ऑटो घेऊन शाळेच्या फाटकात आला आणि म्हणाला, "बाई, दादा उठून नाही राहिले." तू गादीवर भिंतीला टेकून बसलेला होतास. चष्मा डोळ्यांवर. सळई मांडीवर पडलेली. जगभराच्या माणसांना दवाखान्यात नेऊन बसवलंस, आणि तुझ्या छातीत दोन दिवस दुखत होतं ते गंगाबाईला सांगितलंस, मला नाही. मी घाबरेन म्हणून. त्यांनी ते मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. मी त्यांच्यावरही ओरडले.

पाहुणे गेले. तेरवी झाल्यावर चार दिवसांनी सुमित्राबाई आल्या. आता चांगल्या धट्ट्याकट्ट्या झाल्यात, डोक्यावर त्यांच्या शेतातल्या तांदळाचं गाठोडं. त्यांना कुणीतरी बाजारात सांगितलं. आत येऊन बसल्या, तुझ्या गादीला हात लावून रडल्या. "माह्या अंगात त्यायचं रगत हाये," म्हणाल्या. मग डोळे पुसून विचारलं, "बाई, दादा त्या दिवशी म्हनले होते, मी एकदा चूप बसलो. कवा चूप बसले होते जी?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. पत्रिका, पोवळं, माळ, तेरावा, गाडी. आणि दिवाळीच्या सुट्टीत मी बोलले ते खोटंही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "सासू तुमाले म्हने तुमी खाल्लं. अन् तुमी दादाले म्हनलं त्यायनं मारलं. दादानं मंग कोनाले म्हनलं?"

"कोणालेच नाही," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "त्यायच्यापाशीच ठेवलं."

त्या गेल्यावर मी तुझ्या गादीसमोर बसून राहिले, दादा. सासूबाईंचं ते बोट माझ्याकडे होतं. त्या बोटासमोर मला उभं राहवेना, म्हणून मी ते तुझ्याकडे वळवलं. मंगळ खरा मानला तर शशिकांतराव माझ्यामुळे गेले होते. पोवळं खोटं मानलं तर तुझ्यामुळे. मला जगायचं होतं, म्हणून मी पोवळं खोटं ठरवलं. आणि तू नाही म्हणाला नाहीस. 'मी नाही मारलं' असं तू एकदा म्हणाला असतास, तर ते पुन्हा माझ्याकडेच आलं असतं. तुला हे त्याच दिवशी कळलं होतं का? ट्रंक मांडीवर घेऊन बसला होतास, तेव्हाच? बहुतेक कळलं होतं. तू माझी वेणीसुद्धा दारातून बघायचास.

काल दुपारी मला राहवलं नाही. घरात कुणी नव्हतं, आता असणारही नाही. मी मोठ्यानं बोलले. म्हणाले, "दादा, मले आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. लाज वाटली म्हणून खोटं बोलली. तू नाही मारलं त्यायले. कावीळ होती, अन् आपण दोघंही चूप बसलो, तू बाहेर पाटावर अन् मी चुलीपाशी. तेवढं आपल्या दोघांचं, अर्धं अर्धं. बाकी कोणाचंच नाही. मंगळाचं नाही, तुह्या दगडाचं नाही, माहंही नाही."

भिंतीपलीकडे भांडी लावण्याचा आवाज थांबला. गंगाबाईनं विचारलं, "विमल, कोनासंग बोलून राहिली व?"

मी म्हणाले, "दादासंग."

थोड्या वेळानं पुन्हा भांडी वाजायला लागली.